गिटार, दोन डब्या आणि एक शेरा

मुळशी तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने गेल्या वर्षी एका प्रदर्शनात प्रयोग मांडला होता. नववीतल्या एका मुलीने कोथरूडला राहणाऱ्या मामेभावाची जुनी इलेक्ट्रिक गिटार मागून आणली. तिच्याच वर्गातल्या मुलाने दोन डब्या तयार केल्या. डब्या म्हणजे अगदी पत्र्याच्या डब्याच, ज्यांत पूर्वी बिस्किटे होती. गिटारची वायर पहिल्या डबीत, तिथून दुसऱ्या डबीत आणि तिथून बॅटरीवर चालणाऱ्या लहानशा स्पीकरमध्ये. तार छेडली की गिटारचा ओळखीचा टणत्कार येण्याऐवजी जाडाभरडा, लांबच लांब चालणारा, सिंथेसायझरसारखा सूर निघे. मुलांची ही गर्दी जमली!

परीक्षक आले. दोन मिनिटे ऐकले आणि कागदावर शेरा लिहिला : ‘विषय करमणुकीचा. स्नेहसंमेलनात सादर करावा.’ जाता जाता मला म्हणाले, “अहो सर, हे सगळे आवाज आता मोबाइलमध्ये एका बोटावर येतात. यात विज्ञान ते काय?”

प्रदर्शनाच्या मांडवात वाद घालणे बरे दिसले नसते, म्हणून मी गप्प बसलो. पण ती दोन मुले परतीच्या एस.टी.त पौडपर्यंत एक शब्द बोलली नाहीत. तेव्हा ‘यात विज्ञान ते काय’ या प्रश्नाचे उत्तर मी इथे देतो. तुम्ही आणि तुमचे शिक्षक यांनी मिळून ठरवा, चूक कोणाची ते.

आधी सिंथेसायझर म्हणजे काय ते पाहू. नाव भारदस्त असले तरी त्याची पद्धत सुताराची आहे. सुतार आधी मोठा ओंडका घेतो आणि नको तो भाग तासून काढतो. सिंथेसायझरमध्ये एक आंदोलक असतो. तो अधिस्वरांनी गच्च भरलेली लहर तयार करतो. ही लहर कधी करवतीच्या दात्यांसारखी असते, कधी चौकोनी. मग एक गाळणी तिच्यातले वरचे अधिस्वर हवे तितके काढून टाकते. शेवटी आवाज कसा चढावा, किती टिकावा आणि कसा विरावा हे ठरवणारा विभाग येतो. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 साली असे भाग एकमेकांना वायरींनी जोडण्याची सोय केली आणि 1970 साली ते सगळे ‘मिनीमूग’ नावाच्या सुटसुटीत यंत्रात बसवले. आपल्याकडेही हे वारे लवकर पोचले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 सालीच मूगचा सिंथेसायझर आला होता.

आता गिटारकडे वळू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेचा 1831 सालचा प्रयोग तो हाच! दहावीच्या पुस्तकात गॅल्व्हानोमीटरचा काटा हलताना आपण त्याचे चित्र पाहतो. इथे काट्याच्या जागी स्पीकर आहे, एवढाच फरक. गिटारची पाचवी तार सेकंदाला 110 वेळा कंप पावते. वेढ्यांतली वीजही सेकंदाला 110 वेळा पुढेमागे होते.

पण पहिल्या दिवशी आमच्या मुलांना गिटारपेक्षा मोठ्याने ऐकू आली ती एक घुरघुर. गिटार कुठेही जोडा, मागे आपले चालूच : घूंऽऽऽ. वर्ग गंभीरपणे म्हणाला, “सर, गिटार खराब आहे.” गिटार चांगली होती. ते चुंबकाभोवतीचे वेढे भिंतीतल्या विजेच्या तारांचे क्षेत्रही पकडत होते आणि आपली घरगुती वीज सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होते. ती 50 हर्ट्झची वीजच स्पीकरमधून बोलत होती.

या विजेबद्दल बोलण्याचा आमच्या तालुक्याला थोडा जास्त अधिकार आहे, असे मला वाटते. टाटांच्या मुळशी धरणासाठी इथली गावे आणि भातशेते पाण्याखाली जाणार म्हणून 1921 साली मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव त्याच लढ्याने दिले. धरण झाले. त्याचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे सुमारे 500 मीटर खाली कोकणातल्या भिऱ्याला उतरते आणि 1927 सालापासून तिथे वीज तयार होते. आता 31 डिसेंबर 2013 पासून देशातली सगळी विद्युतजाळी एकत्र जोडलेली आहेत. म्हणजे भिऱ्याचे जनित्र आणि पार आसामातले जनित्र एकाच ठेक्यात फिरतात. मुलांना हे सांगितल्यावर ती घुरघुर दोन मिनिटे पुन्हा ऐकायची त्यांनी परवानगी मागितली. (ती कमी करायची युक्तीही आहे. उलट्या वेढ्यांची आणि उलट चुंबकांची दोन वेटोळी शेजारी ठेवली की बाहेरची घुरघुर एकमेकींत वजा होते आणि तारेचा आवाज मात्र बेरीज होतो. नाहीतर गिटार हातात धरून थोडे वळून पाहा. एका दिशेला घुरघुर बरीच कमी होते. आमच्या वर्गात ती दिशा फळ्याची निघाली.)

आता पहिली डबी. या डबीला वादक ‘फझ’ म्हणतात. तिचे काम सांगायला एक वाक्य पुरे : गिटारकडून आलेली लहर ती इतकी मोठी करते की तिचा माथा बॅटरीला मावत नाही. बॅटरी 9 व्होल्टची. त्यापलीकडे लहर जाणार कुठे? मग वरचा माथा कापला जातो, खालची दरी भरून निघते आणि गोलसर लहर चौकोनी होते. फुरियेचे गणित सांगते की चौकोनी लहरीत मूळ वारंवारितेबरोबर तिची तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटीतली वारंवारिता असते आणि तिचे आयाम एक तृतीयांश, एक पंचमांश असे उतरत जातात. म्हणजे 110 बरोबर 330, 550, 770 हर्ट्झ. सिंथेसायझरच्या आंदोलकाला जी लहर हवी होती तीच ही.

आणखी एक गोष्ट आपोआप होते, आणि माझ्या मते खरी मौज तिच्यातच आहे. छेडलेल्या तारेचा आवाज आधी मोठा असतो आणि लगेच ओसरू लागतो. पण माथा कापल्यावर मोठी लहर आणि मध्यम लहर सारख्याच उंचीच्या होऊन बाहेर पडतात. त्यामुळे तार थकत चालली तरी आवाज बराच वेळ एका पातळीवर टिकून राहतो. कोणीतरी पट्टी दाबून धरल्यासारखा!

हा शोध लागला तो एका बिघाडामुळे. अमेरिकेतल्या नॅशविल इथे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बास गिटारचा आवाज चिरफाळून बाहेर आला. वादक आणि तंत्रज्ञ यांनी तो फेकून दिला नाही. 1961 साली ती ध्वनिमुद्रिका गाजली आणि पुढच्याच वर्षी तसा आवाज मुद्दाम काढणारी डबी बाजारात आली. बिघडलेल्या यंत्राचा आवाज कान देऊन ऐकणारा माणूस तिथे होता, ही गोष्ट परीक्षकांच्या कानावर घालावी असे मला फार वाटत होते.

दुसरी डबी मुलांनी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या एका चिपवर बांधली. तिचा क्रमांक 4013. तिच्यात दोन ‘फ्लिप-फ्लॉप’ असतात. फ्लिप-फ्लॉप म्हणजे दारावरचा असा पहारेकरी की जो एका हाकेला उठतो आणि पुढच्या हाकेला बसतो. दोन हाका झाल्या की त्याची एक उठबैस पुरी. त्यामुळे 110 हाका आल्या तर 55 उठबशा होतात. म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली! दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपने पुन्हा निम्मे केले की 27.5, म्हणजे माणसाच्या कानाच्या जवळजवळ तळाशी. सिंथेसायझरचा तो छातीत घुमणारा खर्ज इथून येतो. (आमच्या लहान स्पीकरला मात्र हा खर्ज पेलत नाही, तो नुसता धापा टाकतो.) सप्तक वर न्यायचे असेल तर लहरीची खालची बाजू उचलून वर दुमडायची. हे काम चार डायोड करतात आणि जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमध्ये हेच चार डायोड 50 ची 100 वारंवारिता करत बसलेले असतात. 1967 साली जिमी हेंड्रिक्सच्या गिटारमधून जगाने हा दुमडलेला आवाज ऐकला.

राहिली गाळणी. ती मुलांना करायला जमली नाही, म्हणून एका वादकाकडून ‘वा-वा’ पेडल दोन दिवसांसाठी मागून आणले. पायाने दाबायचे म्हणून पेडल. त्याचे तत्त्व तुम्ही आत्ताच, हातातला अंक बाजूला न ठेवता, करून पाहू शकता. ओठ जुळवून ‘ऊ’ म्हणा आणि सूर न बदलता सावकाश तोंड उघडत ‘आ’ करा. गळ्यातला सूर तोच आहे. तोंडाच्या पोकळीने अधिस्वरांपैकी कोणाला पुढे ढकलायचे ते बदलले. ‘वा’ हा उच्चार त्यातूनच झाला. 1972 साली माइक बिगेल यांनी पायाची गरजही काढून टाकली. त्यांच्या पेडलमध्ये तार जितक्या जोरात छेडाल तितकी गाळणी जास्त उघडते आणि आवाज ओसरेल तशी मिटते. हे पेडल निघाले ते एका अर्धवट राहिलेल्या सिंथेसायझरच्या कामातूनच.

इथे एक गंमत आहे, जी पुस्तकात वाचून कळणार नाही. जोरावर उघडणारी अशी गाळणी जर फझच्या पुढे जोडली तर ती उघडमीट करेनाशी होते. का? विचार करा. फझने सगळ्या लहरी एका उंचीच्या करून टाकल्या, मग गाळणीला जोर कळणार कसा? त्यामुळे जोर मोजायचा तो फझच्या आधीच्या लहरीवर आणि गाळायचे ते फझच्या नंतरच्या लहरीला. वायरी अदलाबदल करून करून ज्याने हे शोधले, त्याला ‘क्रम बदलला की उत्तर बदलते’ हे वाक्य पुन्हा शिकवावे लागत नाही.

आपल्या घरी याहून जुनी गोष्ट आहे, तिचाही उल्लेख करतो. मिरजेचे तंबोरे तुम्हाला ठाऊक असतील. 2024 साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी सपाट, किंचित बाकदार असते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. धागा कणभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मिटतो किंवा झणझणून खुलतो. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या अधिस्वरांचा निस्पंद बिंदू पडतो, ते अधिस्वर ऐकू येऊ नयेत असा जुना नियम. तंबोऱ्यात मात्र ते ठळक ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला त्याच साली! म्हणजे घोडीला घासणारी तार जे अधिस्वर जन्माला घालते, तेच काम पत्र्याची डबी माथा कापून करते. रामन यांच्या लेखावर कोणी ‘विषय करमणुकीचा’ असा शेरा मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता परीक्षकांच्या मोबाइलकडे येतो. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. एका बोटावर शेकडो आवाज येतात, स्वस्तात येतात, आणि एकाच वेळी अनेक स्वर वाजवायचे असतील तर आमच्या डब्या सपशेल हरतात. 110 आणि 138.6 हर्ट्झचे दोन स्वर फझमधून एकत्र गेले की त्यांची वजाबाकी, 28.6, ही तिसरी आगंतुक वारंवारिता तयार होते. तिचे कोणाशीच जमत नाही, नुसता कोलाहल होतो. फ्लिप-फ्लॉपला तर कोणाची हाक ऐकावी हेच कळत नाही. म्हणून एका वेळी एकच तार.

पण एका वेळी एकच स्वर, ही आपल्या गाण्यात अडचण आहे का? आपला राग तर एकाच स्वररेषेने चालतो. आणि त्या रेषेचा प्राण दोन स्वरांमधल्या जागेत, मींडेत असतो. हार्मोनियमला मींड काढता येत नाही, हे एक मोठे कारण पुढे करून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले. (माझ्या मते ते चुकलेच. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली, त्याला हे पटणे कठीण. पण आक्षेपात तथ्य होते.) पट्ट्यांच्या सिंथेसायझरची अडचण तीच. मींडेसाठी त्याला वेगळे चाक किंवा बटण लावावे लागते. गिटारच्या तारेला ती बोटानेच मिळते. तार आडवी ओढली की ताण वाढतो, आणि वारंवारिता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. षड्जावरून रिषभावर जायचे तर वारंवारिता सुमारे 1.12 पट हवी, म्हणजे ताण सुमारे 1.26 पट. बोटाला हे गणित ठाऊक नसते, पण दुखून दुखून ते शिकते. पुढच्या डब्यांना काही सांगावे लागत नाही. हाका जशा जवळ येतील तसा पहारेकरी भरभर उठतो-बसतो. आवाज यंत्राचा, चाल हाताची.

मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि बास गिटार वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी तीन नवी यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्यांतले एक यंत्र रोलँड कंपनीचे ‘टीबी-303’. ते बनवले गेले होते बास गिटारची नक्कल करण्यासाठी, म्हणजे साथीला बास वाजवणारा नसला तरी गिटारवाल्याचे अडू नये. नक्कल काही जमली नाही आणि यंत्राचे उत्पादन लवकरच थांबले. पण त्याची गाळणी फिरवताना येणारा चिवचिवाट पुढे जगभर गाजला. चरणजित सिंगांची तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. 2010 साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. गिटारची नक्कल करायला निघालेले यंत्र आणि आता त्या यंत्राचा आवाज गिटारमधून काढू पाहणारी आमची मुले! याला उसनवारी म्हणावे की देवाणघेवाण? 1954 सालच्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगीही पुंगी नव्हती. फ्रान्समध्ये 1947 साली तयार झालेले क्लॅव्हियोलीन नावाचे विजेवरचे वाद्य कल्याणजींनी वाजवले होते. नक्कल करता करता कानाला जे सापडते, ते कुठल्याही यादीत आधी लिहिलेले नसते. मोबाइलमधली यादी ही शेवटी दुसऱ्या कोणीतरी आधीच शोधून ठेवलेल्या आवाजांची यादी आहे. त्यातून निवड करणे वाईट नाही. पण निवड करणे आणि शोधणे यांना एकच गुण देऊ नयेत.

शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच, की ध्वनीचे प्रकरण फळ्यावरच्या नागमोडी रेषेवर संपवू नका. गिटार मिळाली नाही तर पाटावर ताणलेली पोलादी तार, एक बरा चुंबक आणि जुन्या रिलेमधले वेटोळे यांवर भागते. आवाज बारीक येतो, पण येतो. आणि त्या मोबाइललाही वर्गात बोलवा. ध्वनिलहर पडद्यावर काढून दाखवणारे विनामूल्य अ‍ॅप त्यावर मिळते. फझच्या आधीची गोल लहर आणि नंतरची चौकोनी लहर मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेव्हा वर्गात जी शांतता झाली, ती मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. एक काळजी मात्र घ्या. सगळे प्रयोग 9 व्होल्टच्या बॅटरीवर करा. भिंतीतल्या विजेवर चालणारा प्रवर्धक मुलांना उघडू देऊ नका. तो बंद करून ठेवला तरी त्याच्या आतल्या धारित्रांत विद्युतभार शिल्लक असतो.

आमचा प्रयोग अजून पुरा झालेला नाही. स्वर विरत आला की सप्तक उतरवणारी डबी अडखळते, मधेच वरच्या सप्तकात उडी मारते, पुन्हा खाली येते. मूळ कंपनाबरोबर अधिस्वरही हाका मारू लागले की पहारेकरी गोंधळतो, असा त्या मुलीचा तर्क आहे. तिने गिटारचा ‘टोन’ हा खटका पूर्ण मिटवून आणि तार मानेच्या बाजूला, अंगठ्याच्या मांसल भागाने छेडून पाहिली. अडखळणे निम्म्यावर आले. मुलगा म्हणतो, डबीच्या तोंडाशीच एक गाळणी बसवू. धारित्र कितीचे घ्यावे यावर दोघांचे भांडण चालू आहे.

यंदाच्या प्रदर्शनाचा अर्ज त्यांनी भरून माझ्याकडे दिला. प्रयोगाचे नाव लिहिले आहे : ‘विद्युतचुंबकीय संवेदक व वारंवारिता-विभाजक यंत्रणा’. ‘गिटार’ हा शब्द कुठेही नाही. मी विचारले, तर म्हणाली, “सर, पुन्हा तोच शेरा नको.” तो अर्ज मी त्यांना परत दिला आहे, आणि पहिल्या ओळीत लाल शाईने ‘गिटार’ हा शब्द घातला आहे.